मोडींत निघालेला इतिहास

नगराचा इतिहास वस्तूंच्या द्वारें सांगण्याची पद्धति आपल्याकडे आतां चांगलीच रूढ झाली आहे. मुंबईस राणीच्या बागेंत १८७२ सालीं लोकांस खुलें झालेलें, आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जाणारें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस ह्या पद्धतीचें सामर्थ्य निराळें सांगावयास नको. नकाशे, छायाचित्रें, मातीच्या प्रतिमांतून उभे केलेले धंदेवाईक लोक व कारागिरांच्या हातचीं कामें पाहून आलेल्या मुलास मुंबई कशी वाढली ह्याची जी कल्पना येते, ती पन्नास पानांचा धडा पाठ करूनहि येत नाहीं. ग्रंथ हा बहुधा मागाहून कोणीतरी लिहिलेला असतो. वस्तु मात्र त्या काळींच त्या काळच्या माणसांच्या हातांत होती. एवढ्यानेंच तिच्या शब्दास वजन येतें.

असें असतां आम्हीं तक्रारीचा सूर कां काढावा? पद्धतीविषयीं आमची तक्रार नाहीं. पद्धतीच्या नांवाखालीं ठिकठिकाणीं जें चालतें त्याविषयीं आहे. कोणत्याहि जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनांत जावें, तों कांचेच्या कपाटांत तरवारींची एक रांग असते, नाण्यांचें एक तबक असतें, आणि भिंतीशीं उभ्या केलेल्या मूर्तींच्या पायाशीं ‘स्त्रीमूर्ति, पाषाण, १२ वें शतक’ एवढीच चिठी असते. ही मूर्ति कोणत्या गांवची, कोणत्या देवळांतली, ती तेथून कां निघाली व कोणी आणली, ह्याविषयीं चिठी मूक. पाहणारा ‘वा!’ म्हणतो आणि पुढच्या कपाटाकडे वळतो. अशा मांडणीस नगराचा इतिहास म्हणणें म्हणजे जवाहिऱ्याच्या दुकानास घराण्याची बखर म्हणण्यासारखें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. वस्तु ही साक्षीदार आहे, आणि साक्षीदारास न्यायासनापुढें पहिला प्रश्न विचारतात तो ‘राहणार कोठला?’ हाच. ज्या वस्तूस ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, ती कितीहि सुंदर असली तरी साक्षीच्या उपयोगाची नाहीं. आणि ज्या प्रदर्शनांत केवळ श्रीमंत व देखणे साक्षीदारच बोलाविलेले आहेत, त्यानें नगराच्या इतिहासाचा निकाल देऊं नये.

खरी साक्ष म्हणजे काय, हें पाहावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्या मराठवाड्यांतच तिचें उत्तम उदाहरण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या एका अज्ञात व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाचें समुद्रव्यापाराचें टिपण करून ठेविलें. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें नगर असून तेथून जाडेंभरडें कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांवर घालून बिकट वाटांनीं भडोचेस जाते, असें तो सांगतो. हें तगर कोठलें, ह्यावर एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं पुष्कळ शाई खर्च केली. कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. अखेरीस १९०१ सालीं फ्लीट यांनीं तो मान आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर ह्या गांवास दिला, आणि पुढें तेरच्या पांढरीनेंच त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केलें. त्या मलमलीचा एक धागाहि आज उरलेला नाहीं. पण पांढरींतून निघालेलीं खापरें, मणी, शंखाच्या बांगड्या, मृण्मूर्ति व नाणीं सांगूं लागलीं कीं, ह्या गांवाचा हात एके काळीं समुद्रापलीकडे पोहोंचला होता.

ही साक्ष गोळा कोणी केली? कोणा सरदारानें नव्हे, कीं विलायती पंडितानें नव्हे. तेरलाच राहणाऱ्या रामलिंगप्पा लामतुरे ह्या गृहस्थांनीं आपल्याच गांवच्या मातींतून वर येणाऱ्या ह्या वस्तू वर्षानुवर्षें वेंचल्या, जपल्या. आणि आज तेरचें शासकीय संग्रहालय त्यांच्याच नांवानें उभें आहे. तेथें एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. इटलींतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. त्या राखेंतून १९३८ सालीं निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशीं ह्या तेरच्या मूर्तीचें नातें विद्वानांनीं जोडलें आहे. भोकरदनच्या उत्खननांतहि त्याच घडणीची एक मूर्ति मिळाली. तेर हें गोरोबाकाकांचें गांव. ज्या मातीवर त्या संतानें चाक फिरविलें, तिच्याच पोटांत त्याच्यापूर्वी हजार-बाराशें वर्षांच्या कुंभारांचीं मडकीं निजलेलीं होतीं, हा योगायोग केवळ कवींनींच नव्हे तर इतिहासकारांनींहि मनांत बाळगण्यासारखा आहे.

आतां वाचकांनीं एक कल्पना करावी. तीच हस्तिदंती मूर्ति एखाद्या फेरीवाल्यानें चार आण्यांस उचलली असती, आणि चार हात बदलून ती कोठल्याशा धनिकाच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली असती, तर ती काय सांगूं शकली असती? तिचें सौंदर्य तिळमात्र कमी झालें नसतें; परंतु तेर आणि पाँपेई ह्यांमधला धागा मात्र तुटला असता. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडींत मिळालेल्या पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवतेच्या कांस्यमूर्तीची गोष्ट अशीच आहे. ती ब्रह्मपुरीस मिळाली, हें ठाऊक आहे म्हणूनच पंचगंगेच्या कांठचा व्यापार रोमन जगतापर्यंत पोहोंचला होता असें म्हणतां येतें. मिळाल्याचें ठिकाण पुसून टाका; मग ती बाजारांतली एक विलायती बाहुली होईल, अधिक कांहीं नाहीं.

इतकें मान्य करणारेहि पुढें तीन आक्षेप घेतात. त्यांचा क्रमानें परामर्श घेणें अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा कीं, तेर, पैठण, कोल्हापूर हीं पुराणप्रसिद्ध नगरें. लहानसहान तालुक्याच्या गांवांस इतिहास कसला? आम्ही जळकोटच्या बाजूचे लोक. एकीकडे उदगीर, दुसरीकडे मुखेड-कंधार, मधें बालाघाटाचा उंचसखल माळ. आमच्याकडचा शिकलेला मनुष्यहि इतिहासाचा विषय निघाला कीं चटकन् दुसऱ्याच्या अंगणांत उडी घेतो. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, तें लट्टलूर म्हणजे आमचें लातूर, असें तो अभिमानानें सांगतो. कंधारच्या प्रचंड क्षेत्रपालाच्या भग्न अवयवांचें वर्णन करतो. १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं उदगिरास निजामाचा केलेला पराभव सांगतो. आणि एवढें सांगून झालें कीं ‘बाकी आमच्या गांवांत कांहीं नाहीं बुवा’ म्हणून मोकळा होतो. जणूं राजे आणि लढाया ह्यांच्या मधल्या काळांत लोक जगतच नव्हते!

अशा मनुष्यास आम्ही एकच वस्तु दाखवूं इच्छितों : निजामी अमलांतला हाली सिक्का. हा रुपया इंग्रजी कलदाराहून निराळा, आणि सुमारें सात हाली रुपये मोजावे तेव्हां सहा कलदार हातीं यावयाचे. म्हणजे राज्याची सरहद्द नकाशावर होती तितकीच ती आमच्या आजोबांच्या कसेंतहि होती. सोलापूरच्या अडत्याशीं व्यवहार करणारा वाणी मनांतल्या मनांत दोन राज्यांचा हिशेब करीत होता. १८९७ सालीं निघालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरास येऊन पोहोंचली. अडीच फूट रुंदीच्या त्या चिमुकल्या रुळांनीं लातूरच्या बाजारपेठेस जें दिलें, तें कोणत्याहि राजानें दिलेलें नाहीं. हाली सिक्क्याच्या शेजारीं त्या रेल्वेचें एक तिकीट, एक पायली, अडतीची एक वही आणि एक तराजू ठेवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतल्या आमच्या मुलुखाचा अर्थव्यवहार बोलूं लागेल. ह्यांतली एकहि वस्तु सोन्याची नाहीं, एकीवरहि राजाचा पोशाख नाहीं. आणि त्याच कारणानें त्या मोडींत गेल्या.

‘मोडींत गेल्या’ हें आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाहीं. तांब्यापितळेचीं भांडीं वजनावर देऊन त्यांच्या बदल्यांत स्टीलचीं घेण्याची प्रथा घरोघर झाली. विहिरींवर यंत्र बसलें तशी मोट गेली. आणि मोटेबरोबर नाडा, सोंदूर, थारोळें हे शब्दहि गेले. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हां मोडी लिपींतलीं दप्तरें वाचतां येईनात म्हणून बंबांत जळालीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर-धाराशिव जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें दगडामातीच्या भिंतींखालीं घेतलीं. त्यानंतर गांवेंच्या गांवें नव्या जागीं वसलीं. नवीं घरें बांधणें प्राप्तच होतें, आणि माळवदाखालीं पुन्हां निजण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नसेल. पण माळवदाबरोबर एक सबंध घरसंसार गेला, त्याची यादी किती गांवांनीं ठेविली? वस्तु जुनी होण्यापूर्वी ती आधीं निरुपयोगी व्हावी लागते. आणि निरुपयोगी झाल्यापासून जुनी म्हणून मान मिळेपर्यंतचा जो मधला काळ, तोच तिच्या मरणाचा काळ असतो.

दुसरा आक्षेप असा कीं, वस्तू मोठ्या शहरांतल्या मोठ्या संग्रहालयांतच सुरक्षित राहतात. लहान गांवांत त्यांची राखण कोण करील? हा आक्षेप पोकळ नाहीं. पुण्यास दिनकर केळकर यांनीं खेड्यापाड्यांतून अडकित्ते, दिवे, भांडीं वेंचून आपला अफाट संग्रह उभा केला नसता, तर त्यांतल्या बहुतेक वस्तू मोडींतच गेल्या असत्या. हें ऋण आम्ही मानतों. परंतु सुरक्षितता एक आणि साक्ष दुसरी. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास ‘एलिफंटा’ हें नांव दिलें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, उचलतांना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढें १९१४ सालीं ते तुकडे सांधून तो मुंबईस उभा केला. हत्ती सुरक्षित आहे, ह्यांत शंका नाहीं. पण आज जगभरचे प्रवासी ‘हत्तीचें बेट’ पाहावयास समुद्र ओलांडून जातात, आणि त्या बेटाला नांव देणारा हत्ती मात्र मुंबईच्या बागेंत राहतो!

आमच्या मुलुखाची अवस्था ह्याहून निराळी नाहीं. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत व हैदराबाद राज्यांत होते. त्या सालीं ते उस्मानाबादेस जोडले गेले. १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाला. राज्यकर्ते बदलले, जिल्हे बदलले, पण दप्तरें कांहीं शेतकऱ्याच्या बैलांसारखीं मालकाच्या मागोमाग चालत येत नाहींत. ज्यास आपल्या गांवचा शंभर वर्षांचा इतिहास लिहावयाचा आहे, त्यानें मराठींत लिहावें, उर्दू-फारसींत वाचावें आणि तीन राज्यांचीं दारें ठोठवावीं, अशी आमची स्थिति आहे. दूर गेलेली प्रत्येक वस्तु परत द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. तिचें छायाचित्र, तिच्या लेखाची नक्कल आणि ‘ही वस्तु अमुक गांवची’ अशी स्पष्ट चिठी एवढें तरी मागण्याचा अधिकार गांवास आहे कीं नाहीं?

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक, आणि म्हणूनच तो बहुधा उघड बोलला जात नाहीं. तो असा कीं, प्रदर्शनांत ज्यानें अभिमान वाटेल तेंच मांडावें. जुन्या जखमा उघड्या करूं नयेत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ह्या पांच दिवसांत पोलिस-कारवाई होऊन निजामी सत्तेचा अंत झाला. रझाकारांच्या जुलमानें गांवें पोळलीं होतीं. घरें जळालीं होतीं. त्या राजवटीशीं झुंजतांना लोकांनीं प्राण दिले होते. १७ सप्टेंबरचा दिवस आम्ही अभिमानानें पाळतों आणि पाळावाच. पण त्याच कारवाईच्या मागोमाग कित्येक गांवांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला, हेंहि तितकेंच खरें. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या अखेरीस ह्या भागांत हिंडून जो अहवाल दिला, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळल्याचें नमूद केलें, आणि संस्थानांतल्या मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असावा असा अंदाज केला. तो अहवाल पुढें कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं. म्हणजे आमचा मुलूख जेथें जेथें त्या अहवालांत आला, तेथें तेथें आमच्या इतिहासाचें पान चिकटवून टाकलेलें होतें.

तसेंच दुसरें पान. १९७८ सालीं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरें पेटविलीं गेलीं, विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव लागावयास १९९४ साल उजाडावें लागलें. ह्या सोळा वर्षांची एखादी वस्तु, एखादें निवेदन, जळक्या घराची एखादी तुळई, पायीं निघालेल्या माणसाची एखादी वहाण, आमच्या एखाद्या तालुक्याच्या संग्रहालयांत असावी असें आम्हांस वाटतें. ज्या संग्रहालयांत गढीवरच्या पाटलाची तरवार आहे, पण गांवकुसाबाहेरच्या माणसास पाणी वरून ओततांना जो तांब्या हातांत धरला जाई तो नाहीं, तें संग्रहालय गांवाचें नव्हे, गढीचें आहे. जखम उघडी करणें व जखमेची नोंद ठेवणें ह्यांत अंतर आहे. वैद्य दुसरी गोष्ट करतो, म्हणूनच त्याजकडे आपण पुन्हां जातों.

आतां कायद्याकडे पाहावें. १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्यानें जमिनींत सांपडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणें बंधनकारक केलें. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें सामान्यतः शंभर वर्षांवरील वस्तूंस, व हस्तलिखितें असल्यास पंचाहत्तर वर्षांवरील लेखनास, संरक्षण दिलें. हे कायदे चांगले आहेत. पण शंभर वर्षें पुरीं न झालेल्या वस्तूचा वाली कोण? १९४८ चें जळकें दार, किल्लारीच्या ढिगाऱ्यांतला एखादा कोयंडा, ह्यांस कायदा ओळखत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराची तहान भागविण्यास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. ज्या गांवाचा कापूस आणि गळित धान्य एके काळीं रेल्वेनें बाहेर जात असे, त्या गांवास रेल्वेनें पाणी यावें, ह्या एका वाक्यांत शंभर वर्षांचा इतिहास सांठलेला आहे. त्या उन्हाळ्यांत रांगेंत ठेवलेली एक प्लास्टिकची घागर लातूरच्या कोणत्याहि प्रदर्शनांत शिलालेखाच्या बरोबरीच्या जागीं असावी, असें आम्ही म्हटलें तर पुष्कळांस हंसूं येईल. हंसणाऱ्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, तेरचीं खापरेंहि एके काळीं कोणाच्या तरी घरचीं फुटकीं घागरमडकींच होतीं.

मग करावें काय? आमच्याकडे असा प्रश्न निघाला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें प्रथम इमारत येते, मग इमारतीसाठीं निधि, मग निधीसाठीं समिति, आणि समितीबरोबर विषय संपतो. आम्ही उलट्या टोंकानें आरंभ करावा असें सुचवितों. आधीं नोंदवही करावी. जळकोटसारख्या तालुक्याच्या गांवीं शाळेच्या शिक्षकांनीं मुलांस घेऊन घरोघर हिंडावें, आणि प्रत्येक वस्तूस पांच प्रश्न विचारावे : हिला आमच्याकडे काय म्हणतात? ही कोठली? कोणाच्या हातांत होती? कशास वापरीत? आणि वापर कां थांबला? वस्तु मालकाच्या घरींच राहूं द्यावी. नोंद व छायाचित्र मात्र गांवाचें असावें. पुढें मालकानें ती मोडींत काढली, तरी निदान तिची साक्ष लिहिलेली राहील. ज्या मोडी कागदांचें वाचन होईना त्यांचीं छायाचित्रें आजच घ्यावीं. वाचणारा उद्यां मिळेल. दहा वर्षांनीं त्या वहींतूनच प्रदर्शन उभें राहील, आणि त्यास एखादी शाळेची खोली पुरे होईल. चोरीची भीति वाटणाऱ्यांनींहि हें समजावें कीं, जिची नोंद व छायाचित्र आहे ती वस्तु बाजारांत विकणें चोरास जड जातें. निनांवी वस्तूचाच बाजार तेजींत असतो.

आमच्या वाचकवर्गांत सुशिक्षित कुटुंबें पुष्कळ आहेत, आणि त्यांतलीं बहुतेक गांव सोडून शहरांत आलेलीं आहेत. गांवचें घर विकतांना किंवा पाडतांना माळ्यावरचीं भांडीं, फडताळांतले कागद, आजीची पाटी-पेटी ह्यांचा निकाल ह्याच कुटुंबांच्या हातून लागतो. मोठमोठ्या नगरांतल्या प्रदर्शनांस जाऊन कांचेमागच्या वस्तूंचें कौतुक करणारा हाच वर्ग आपल्या माळ्यावरची तशीच वस्तु भंगारवाल्याच्या तराजूंत टाकतो, हें आम्हांस सहन होत नाहीं, म्हणून हा लेख. दुसऱ्याच्या नगराचा इतिहास तिकीट काढून पाहणाऱ्यांनीं आपल्या गांवाचा इतिहास वजनावर विकूं नये. पुढच्या खेपेस गांवीं जाल तेव्हां माळा रिकामा करण्यापूर्वी एक वही व लेखणी बरोबर न्या, आणि घरांत जें कोणी वडीलधारें माणूस उरलें असेल त्यास पहिल्या वस्तूचें नांव विचारा.